बाळ २७व्या आठवड्यात झालं, अजून ऑक्सिजनवर आहे, खर्च कसा निभवायचा?

आज ९ आठवडे झाले, आधी व्हेंटिलेटर मग सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं मशीन) आणि आता नाकात नळी, डॉक्टर बीपीडी म्हणतात, म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळाच्या अपुऱ्या वाढलेल्या फुफ्फुसांचा लांबणारा आजार. साठवलेलं सगळं संपलं, नवरा बिनपगारी रजेवर, आणि घरी नेताना ऑक्सिजन मशीन लागेल म्हणे. रात्री झोपच येत नाही, सुरुवात कुठून करू?

उत्तर १
ताई, आमची लेक पण अशीच लवकर झालेली. आधी प्रत्येक गोष्टीचं वेगळं बिल मागा, नुसता एकूण आकडा घेऊ नका, आमच्यात एकच तपासणी दोनदा लावलेली निघाली. हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर असेल तर आजच भेटा, सवलत, हप्ते, ट्रस्टची मदत हे त्यांना माहीत असतं, आणि डिस्चार्जच्या आधीच बोला, नंतर कुणी ऐकत नाही. मागायला लाजू नका हो.

उत्तर २
कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) विकत घेऊ नका, भाड्याने घ्या, बऱ्याच बाळांना काही महिनेच लागतो. पण तो विजेवर चालतो म्हणून छोटा सिलिंडर घरात हवाच, ऑक्सिमीटर पण, आणि ऑक्सिजन किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, स्वतः कमी करू नका. घरात सिगारेट, उदबत्ती, दिवा काही नको, ऑक्सिजनजवळ आग फार लवकर भडकते.

उत्तर ३
फुफ्फुसात नवीन वायुकोश जन्मानंतरही बनत राहतात, पहिली २-३ वर्षं तर भराभर. धीर धरा गं.

ताई, दादा, खूप आभार. उद्या सकाळीच सोशल वर्करना गाठते.