थेरपिस्टच्या नावापुढच्या डिग्र्या खऱ्या की नुसत्या शोभेच्या, कसं ओळखायचं?

अनु_नाशिक
धाकट्या भावाला गेले काही महिने पॅनिक अटॅक येतायत. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल, फिजिशियन म्हणाले थेरपिस्टला भेटा. आता शोधायला बसले तर डोकं गरगरतंय. कुणी एम.ए. सायकॉलॉजी, कुणी एम.फिल., एकाच्या नावाआधी नुसतंच 'डॉ.' आणि एका मॅडमच्या मागे तर सर्टिफाइड सीबीटी, एनएलपी मास्टर, हिप्नोथेरपिस्ट, लाइफ कोच अशी शेपटीच लागलीय. त्या १० सेशनचं पॅकेज सांगतायत, पैसे आधी. यातलं खरं शिक्षण कुठलं? आणि तोंडावर विचारलं तर राग नाही ना येत?

मिताली_के
मी हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, जरा लांबण लागेल. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी नाहीतर डीपीएम केलेला डॉक्टर, गोळ्या लागल्या तर त्याच्याकडे जायचं, आम्ही लिहून देऊ शकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आत्तापर्यंतचा नेहमीचा रस्ता म्हणजे एम.ए. झाल्यावर २ वर्षांचं फुलटाइम एम.फिल., त्यात ओपीडी, वॉर्ड, सिनियरसमोर केस मांडून बोलणी खाणं सगळं येतं, आणि तो कोर्स रिहॅबिलिटेशन कौन्सिलने म्हणजे आरसीआयने मान्य केलेला पाहिजे. मग सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयच्या रजिस्टरमधला नोंदणी नंबर मिळतो, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. पण नुसता नंबर सापडला म्हणून खूश होऊ नका, त्याच रजिस्टरमध्ये स्पेशल एज्युकेटर आणि स्पीचवाले पण असतात, त्यामुळे पुढे कॅटेगरी काय लिहिलीय ते वाचा आणि नंबरची मुदत संपलेली नाही ना तेही बघा.
नुसत्या 'डॉ.'वर जाऊ नका. पीएचडी ही रिसर्चची डिग्री, त्यात एकही पेशंट न बघता ती मिळू शकते.

खवचट_पेन्शनर
म्हणजे एम.ए. करून बसलेले सगळे बोगस म्हणायचे का? आमच्या सोसायटीतल्या बाईंनी कितीतरी पोरांना परीक्षेच्या टेन्शनमधून बाहेर काढलंय, नंबरबिंबर काही नाही त्यांच्याकडे.

मिताली_के
काका, तसं अजिबात नाही. कौन्सेलिंग सायकॉलॉजीत एम.ए. केलेले चांगले लोक भरपूर आहेत आणि ते आरसीआयच्या यादीत नसतातच, त्यांच्यासाठी २०२१ चा वेगळा कायदा झालाय पण त्याची घडी अजून बसतेय. त्यांना विचारायचं ते असं, की एम.ए. कुठून, रेग्युलर का, प्रत्यक्ष पेशंटबरोबर ट्रेनिंग किती, अडलं तर कुणाला विचारता म्हणजे सुपरव्हिजन कुणाचं, आणि पॅनिकच्या केसेस बघता का. बोगस कोण, तर जो नंबर नसताना बोर्डावर 'क्लिनिकल' लावतो तो. शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट एम.ए.च्या जोडीला असेल तर ठीक, एम.ए.च्या जागी नको.

सुहास_पिंपरी
आम्हाला हे महागात पडलंय. मुलाची आयक्यू टेस्ट एका सेंटरमध्ये केली, चकचकीत फाइल, गोल शिक्का, सगळं होतं, सरकारी हॉस्पिटलात गेलो तर तिथल्या मॅडमनी शेवटचं पान उलटून सहीखाली बोट ठेवलं, नंबर कुठाय? नव्हताच. पोराला परत टेस्टला बसवलं आणि सेंटरवाले पैसे द्यायला तयार नाहीत. तेव्हा आधी विचारा, राग आला तर येऊ दे.

अनु_नाशिक
सगळ्यांना थँक्यू. दोन्हीकडे फोन केला. पॅकेजवाल्या मॅडम म्हणाल्या, "माझे क्लायंट रिझल्ट बघतात, डिग्री नाही," आणि वर ऑफर उद्यापर्यंतच आहे म्हणे 😅 एम.फिल.वाल्या सरांच्या रिसेप्शनिस्टने न कुरकुरता नंबर व्हॉट्सॲपवर पाठवला, साइटवर बघितलं, नाव जुळतंय, कॅटेगरी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच आहे. पैसे सेशनचे सेशनला. गुरुवारची वेळ घेतलीय. तोपर्यंत रात्रीबेरात्री अटॅक आला आणि तो फारच घाबरला तर कुणाला फोन करू?

मिताली_के
१४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आणि २४ तास, भाषा विचारतात तेव्हा मराठी निवडा. आणि गुरुवारी ईसीजी-थायरॉइडचे रिपोर्ट बरोबर न्या, फिजिशियनने काय काय तपासलं ते सर विचारतीलच.