मदत हवी आहे: गट वाढला, पण वेगळं बोलणारे गप्प झाले

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमचा आंबा बागायतदारांचा गट आहे. आधी पंधरा-वीस जण कुणाच्या तरी खळ्यात बसून बोलायचो. आता दोनशेच्या वर झालोय आणि सगळे एकच बोलतात.

हे पॅक्लोब्युट्राझोल या झाडाची वाढ रोखणाऱ्या औषधावरून लक्षात आलं. पावसाळ्यात बुंध्याभोवती मातीत दिलं की झाडात जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी तयार होतं, पालवी थांबते आणि मोहोर लवकर येतो. लवकरच्या आंब्याला भाव चढा, म्हणून बहुतेक जण वापरतात, मीही. पण एक काका कातळावरच्या बागेत ते घालत नाहीत. दरवर्षी दिलं, मात्रा चुकली, तर झाड थकतं, फूट आखडते, असं ते सांगायचे. फुलकिड्यांवर नेहमीची फवारणी लागू पडत नाही, हेसुद्धा आमच्यात आधी त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हाही कुणी ऐकलं नाही.

मागच्या बैठकीत ते उठले तर चौघांनी "काका, ते जुनं झालं" म्हणून खाली बसवलं. मीही गप्प राहिलो, ते मला फार लागलंय. काका त्यानंतर आलेच नाहीत. सेंद्रिय करणारे दोघं येतात, पण तोंड उघडत नाहीत.

तुमच्या गटात, सोसायटीत हे कसं सांभाळता? हात वर करून ठराव घेणं थांबवावं का? वाडीनिहाय लहान बैठका घेऊन बघितल्यात का कुणी? आणि औषधविक्रेते सभासद असावेत का?

रविवारी काकांकडे जाणार आहे. त्यांना परत बोलावताना काय सांगू?