गोठ्याचा गडगा फुगलाय, सिमेंट न लावता दुरुस्त कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमचा जुना गोठा आहे. तिन्ही बाजूंना जांभ्या दगडाचा गडगा, नुसता रचलेला, ना माती ना चुना. आत किंजळीच्या लाकडाच्या मेढी, म्हणजे खांब, वर नळ्याची कौलं. छपराचा भार मेढींवर आहे, त्यामुळे तूर्त ते कोसळायची भीती नाही. गाई आणि वासरं अजून तिथेच बांधतो.

यंदाच्या पावसात दरडीकडचा गडगा गुडघ्याच्या उंचीवर आत फुगला. दोन दगडांच्या फटीत आता अख्खा हात जातो आणि मधली बारीक दगडांची भर ओलीगच्च लागते. मागे पूर्वी पाण्याला चर होता, तो दरडीच्या मातीने बुजलाय. चर तर मी मोकळा करणारच आहे.

गवंडी म्हणतो, पाडून सिमेंटात चिरे (जांभ्याचे चौकोनी ठोकळे) बांधू, नाहीतर निदान दरजा भरून घेऊ. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दरडीतून झिरपलेलं पाणी फटींतून निघून जातं, म्हणून तर गडगा टिकतो. वाडीतल्या आजोबांनी एका वाक्यात सांगितलं, "सिमीट मारलंस तर पाणी खयसून जातला?" शिवाय त्याच फटींतून वारा खेळतो, गोठ्यात मुताचा उग्र वास कोंडत नाही. गुरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

माझा प्रश्न असा, की फुगलेला पट्टा पायापर्यंत उतरवूनच पुन्हा रचावा लागेल ना? नीट उभ्या असलेल्या भागात मधूनमधून लांब दगड आडवे घातलेत, ते दोन्ही तोंडांना धरून ठेवतात. फुगलेल्या पट्ट्यात मला तसा एकही दिसला नाही. नव्याने रचताना असे दगड किती अंतरावर घालायचे? आणि जुने दगड कमी पडले तर मशीनने कापलेले चिरे कोरडे रचून पकड घेतात का?

गडगे घालणारा जाणता माणूस कोणाच्या ओळखीत असेल तर जरूर कळवा. कणकवली, मालवण, राजापूर, कुठलाही चालेल. भातकापणी उरकली की काम काढायचंय. राहण्याजेवणाची सोय आमच्या घरी होईल.