मदत हवी आहे: माघार घेतलेल्या उमेदवाराचं नाव बॅलटवर राहतंच कसं? (अमेरिका, राज्याराज्यांचे नियम)

नमस्कार मंडळी, जरा मोठं झालंय पण प्लीज पूर्ण वाचा.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. बाबांनी यंदा सिटिझनशिपची शपथ घेतली आणि त्याच आठवड्यात मतदार नोंदणी करून आले. ते साताऱ्याकडे झेडपीचे शिक्षक होते, कित्येक वर्षं इलेक्शन ड्युटी केलीय, केंद्राध्यक्षही होते, त्यामुळे नियम नीट कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. परवा कपाट आवरताना माझ्या फायलीत २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा सॅम्पल बॅलट (नमुना मतपत्रिका) सापडला, तो घेऊन किचन टेबलवर बसले, चष्मा लावून, पेन्सिलने एकेक ओळ टिक करत, आणि नॅचरल लॉ पार्टीच्या ओळीवर थांबले. राष्ट्राध्यक्षपदासाठी रॉबर्ट केनेडी ज्युनियर आणि उपाध्यक्षपदासाठी निकोल शॅनहन. "अगं, हा तर ऑगस्टमध्येच बाहेर पडला होता ना? मग नाव कसं?"

मी सांगितलं की हो, २३ ऑगस्टला त्याने प्रचार थांबवला, पण मिशिगनमध्ये छोट्या पक्षाचा उमेदवार एकदा ठरला की त्याला माघार घेता येत नाही असं कायदा सांगतो म्हणून सेक्रेटरी ऑफ स्टेटने (राज्यातल्या निवडणुका बघणारा अधिकारी) नाव काढलं नाही, तो कोर्टात गेला, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ९ सप्टेंबरला नाव ठेवायला सांगितलं, आणि वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या, सुप्रीम कोर्टानेही २९ ऑक्टोबरला हात घातला नाही. शेवटी त्याला इथे २६ हजारांवर मतं पडली. इथपर्यंत बाबांना पटलं, आपल्याकडेही माघारीची मुदत टळली की नाव मशीनवर राहतंच.

पण मग माझी धाकटी बहीण फोनवर म्हणाली की तिच्या बॅलटवर हे नाव नव्हतंच, ती नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला असते. झालं! तेव्हापासून बाबा एकच विचारतायत, माणूस एक, पद एक, मतदानाचा दिवस एक, मग माघार एका राज्यात मंजूर आणि दुसऱ्यात नामंजूर कशी?

मी म्हटलं इथे आपल्यासारखा सगळ्या देशाच्या मतपत्रिका ठरवणारा एक निवडणूक आयोग नाही, संविधानाच्या दुसऱ्या कलमानुसार इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे प्रतिनिधी) कसे नेमायचे ते प्रत्येक राज्याची विधानसभा ठरवते, आपण खरं तर त्या इलेक्टर लोकांना मत देतो (मिशिगनचे १५). १९४८ ला अलाबामात तर ट्रुमन यांचं नावच मतपत्रिकेवर नव्हतं, आणि ते तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते! अपक्षाला मतपत्रिकेवर यायला मतदारांच्या सह्या लागतात त्यांचंही तेच, टेनेसीत २७५ पुरतात आणि न्यूयॉर्कला ४५,००० लागतात तेही सहा आठवड्यांत. मला स्वतःला हे फार अन्यायाचं वाटतं, मतदार कुठे राहतो यावर त्याला कोणाकोणातून निवडायला मिळणार हे ठरतं.

तर मदत अशी हवी आहे. नॉर्थ कॅरोलिनात नाव निघालं ते नेमकं कशामुळे? विस्कॉन्सिन राज्यात याच नावाचं काय झालं? आणि नाव नसलेल्या माणसाला हाताने नाव लिहून मत दिलं तर ते मोजतात का? आमच्या मंडळात बाबांसारखे चार-पाच आजी-आजोबा नव्याने मतदार झालेत, त्यांच्यासाठी मराठीत एक पानभर लिहून द्यायचंय, चुकीचं काही जायला नको.

प्रतिसाद १

ताई, मी नॉर्थ कॅरोलिनातच रॅलेला असतो, तेव्हा हे रोज फॉलो करत होतो. इथे पोस्टाचे बॅलट ६ सप्टेंबरला निघायचे होते, २९ लाखांच्या आसपास छापून तयार होते, निवडणूक बोर्डाने आता उशीर झाला म्हणून नाव काढायला नकार दिला होता. ६ तारखेलाच अपील कोर्टाने पाठवणं थांबवलं आणि ९ तारखेला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ ने नाव काढायला लावलं, सगळं परत छापलं. म्हणजे बघा, तुमच्याकडचा निकाल आणि आमच्याकडचा निकाल एकाच तारखेचे, आणि बरोब्बर उलटे. विस्कॉन्सिनचा कायदा त्याहून कडक, एकदा नामांकन झालं की फक्त मृत्यू झाला तरच नाव निघतं, त्यामुळे तिथे राहिलं.

हाताने लिहिलेल्या नावाचं म्हणाल तर मिशिगनमध्ये त्या माणसाने आधी रीतसर डिक्लरेशन (आपण उमेदवार असल्याचं लेखी निवेदन) दिलेलं असेल तरच मत मोजतात. हवाई राज्यात नाव लिहायची सोयच नाही, देशाच्या सुप्रीम कोर्टाने १९९२ ला ते मान्यही केलंय. तुमच्या पानावर हे ठळक लिहा, आजी-आजोबांचं मत वाया जाईल नाहीतर.

धागाकर्ती

खूप खूप आभार दादा, बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, त्यांनी तुमच्या दोन्ही तारखा वहीत लिहून घेतल्या. विस्कॉन्सिनच्या कुणाकडे २०२४ चा सॅम्पल बॅलट असेल तर प्लीज फोटो टाका, बाबांना तिन्ही राज्यांचे शेजारी शेजारी ठेवून मंडळात दाखवायचेत.