मदत हवी आहे: संथ चित्रपट कधी धरून ठेवतो, कधी सुटतो?

नमस्कार मंडळी,

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे लागला, तेव्हा आईबरोबर मल्टिप्लेक्सला पाहिला होता. त्यावरून एक प्रश्न डोक्यात अडकून बसलाय. (पुढे कथानक येणार आहे, पाहिला नसेल तर इथेच थांबा.)

तीस वर्षांनी फ्रान्सच्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत पोचलेला भारतीय चित्रपट, ग्रां प्री (तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार) मिळवलेला. त्यात छाया कदम, आणि उत्तरार्धाची गोष्ट आमच्या रत्नागिरीकडची! आई तर कधीपासून वाट बघत होती. बाहेर पडलो तेव्हा दोघी गप्प. लिफ्टमध्ये आई एवढंच म्हणाली, "चांगलं होतं गं सगळं, पण मी कशाची वाट बघत बसले होते तेच कळेना." माझंही अगदी तसंच झालं होतं. आणि हिरमोड झाला तो यासाठी की मला हा चित्रपट मनापासून आवडायला हवा होता.

वाईट आहे असं मुळीच म्हणत नाही. मुंबईत नर्स असलेल्या प्रभाचा नवरा परदेशी; तिच्याकडे जर्मनीहून लाल राइस कुकर येतो. नवऱ्याची चिठ्ठी नाही, फोन नाही, नुसता कुकर. रात्री ती जमिनीवर बसून त्याला कवटाळते. तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. तिच्याच इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीचा (छाया कदम) नवरा वारलाय, राहत्या खोलीचे कागद हाताशी नाहीत आणि बिल्डर मागे लागलाय. प्रभा आणि ती मिळून त्याच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात, तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. (छाया कदमच्या कामावर खरं तर वेगळा धागा काढायला हवा.) पण मग पार्वती गावी परतते आणि सगळ्या कोकणात येतात. समुद्र, गुहा, किनाऱ्यावर सापडलेला बेशुद्ध माणूस, त्याच्यात प्रभाला दिसणारा नवरा. तिथे माझं लक्ष उडालं ते उडालंच. मी पार्वतीच्या खोलीतच अडकले होते, चित्रपट पुढे निघून गेला होता.

आता चैतन्य ताम्हाणेचा, एका लोकशाहिरावरच्या खटल्याचा 'कोर्ट' घ्या. २०१५ साली लागला होता. कॅमेरा जागचा हलत नाही. सरकारी वकीलबाई कलमं वाचतात, लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. शेवटी सुट्टीसाठी न्यायालय बंद होतं, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. संपला असं वाटतं, आणि मग न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात! मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. तोही संथच की. मग फरक कुठे पडला?

दुसरं म्हणजे, येत्या जानेवारीत पुण्याच्या चित्रपट महोत्सवाला आईला न्यायचंय. पुस्तिकेतल्या दोन-चार ओळींवरून निवड कशी करता? कृपया "असे सिनेमे सगळ्यांसाठी नसतात" असं सांगू नका. आई पूर्वी रात्र रात्र जागून दशावतार बघायची, तिला धीर नाही असं कोणी म्हणू नये.

प्रतिसाद १:
मध्यंतर झालं होतं ना? हे चित्रपट मध्यंतर धरून बांधलेले नसतात, मल्टिप्लेक्सवाले मध्येच दिवे लावतात. तंद्री लागत आलेली असते आणि समोर पॉपकॉर्नची जाहिरात! महोत्सवात हा त्रास नाही, सलग दाखवतात. तिथे पुन्हा अनुभव घेऊन बघा.

प्रतिसाद २:
'कोर्ट'मध्ये पहिल्यापासून एक प्रश्न टांगलेला आहे: आरोपी शाहीर नारायण कांबळे सुटणार का? वकीलबाईंचा स्वयंपाकसुद्धा आपण त्याच प्रश्नाच्या छायेत बघतो. ज्या बाई त्या माणसाला तुरुंगात ठेवायला निघाल्यात, त्या घरी अशा आहेत. 'ऑल वी इमॅजिन'मध्ये तसा खटला नाही. इथे बदलतं ते प्रभाचं मन. आपल्यासोबत राहणाऱ्या अनूच्या प्रियकराबद्दल, शियाजबद्दल, कडवटपणे बोलणारी प्रभा शेवटी स्वतःहून म्हणते, बोलाव त्याला. मला विचाराल तर उत्तरार्ध त्या एका वाक्यासाठी आहे.
शांतल अकरमनचा 'जान दिएलमान' (१९७५) तीन तास वीस मिनिटांचा आहे. बाई बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते. पण दिनक्रम इतका अंगवळणी पडतो की पुढे एके दिवशी बटाटे जास्त शिजतात तेव्हा छातीत धस्स होतं. तेव्हा पुस्तिकेत "काय घडतं" ते शोधू नका, "कोणाचं काय बदलतं" ते शोधा. नुसता निसर्ग, स्मृती, एकांत असं लिहिलेलं असेल तर आईंना पहिल्याच दिवशी तिथे नेऊ नका.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. प्रभाचं ते वाक्य पडद्यावर आलं तेव्हा मी खोलीचाच विचार करत होते, म्हणून हातून निसटलं असणार. आता घरी आईबरोबर न थांबता, सलग बघेन. तरी पार्वतीचं दुःख चित्रपटाने फार लवकर खाली ठेवलं, हे माझं मत कायम आहे. यावर कोणी वेगळं वाचलं असेल तर जरूर लिहा. आणि महोत्सवात एका दिवसात किती चित्रपट झेपतात? आईचे गुडघे दुखतात, दोन खेळांच्या मध्ये बसायला जागा मिळते का?