जाळीसुद्धा हलते!

सौर पॅनलबद्दल म्हटलं जातं की उन्हाने फक्त इलेक्ट्रॉन हलतात, स्फटिकाची जाळी, म्हणजे अणूंची ठरीव मांडणी, जागची हलत नाही. सिलिकॉनपुरतं ठीक. आमच्या इंदूरच्या गच्चीवरची पॅनलं सिलिकॉनचीच, त्यांचं दुखणं म्हणजे धूळ आणि कबुतरं. पेरोव्हस्काइट या सौर सेलच्या दुसऱ्या पदार्थाची जाळी मात्र मऊ. आयोडाइड-ब्रोमाइड (आयोडीन आणि ब्रोमीनचे आयन) मिसळलेल्या त्याच्या थरावर प्रकाश पडला की मिनिटभरात आयोडाइड जागोजागी गोळा होऊ लागतं आणि थरातून बाहेर पडणारी चमक तांबड्याकडे सरकून १.६८ इलेक्ट्रॉन व्होल्ट (प्रकाशकणाच्या ऊर्जेचं माप) च्या आसपास येते. व्होल्टेज तिथेच मार खातं. संशोधक होक आणि सहकाऱ्यांनी हे २०१५ मध्ये दाखवलं. खरी गंमत अंधारात: काही मिनिटांत सगळं पुन्हा मिसळतं! पोह्यांवरची शेव एका कडेला जावी आणि झाकण ठेवताच परत पसरावी, तसं. म्हणून अशा सेलची चाचणी नुसत्या अखंड दिव्याखाली घेऊन भागत नाही, मध्ये रात्रही हवी.