पुण्याच्या कंपनीनं 14 लाख अडकवलेत, पीओत (खरेदी ऑर्डरीत) लवाद (कोर्टाबाहेर वाद निकाली काढणारा) लिहिलाय, कोर्टात जाता येतं का?

उद्यमनगर_टर्निंग
नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं मशिन शॉप आहे, पुण्याच्या एका कंपनीला पार्ट मशिनिंग करून देतो. 14 लाखांची बिलं अडकलीत, आता म्हणतात माल रिजेक्ट होता, माल घेताना एक शब्द बोलले नाहीत. पीओच्या मागं बारीक अक्षरात छापलंय की वाद झाला तर कंपनीचे एमडी नेमतील तोच लवाद, आणि जागा पुणे. त्यांचाच माणूस न्याय करणार असेल तर आम्ही तिथं जायचं कशाला? सरळ कसबा बावड्याला, इथल्या जिल्हा कोर्टात दावा टाकू का? पोरांचे पगार थांबलेत हो.

बावडा_वकील
दावा टाकू नका. समोरचा 1996 च्या लवाद कायद्याचं कलम 8 दाखवणार आणि कोर्ट तुम्हाला लवादाकडंच पाठवणार, नुसते महिने जाणार. पण एमडीचा माणूस मान्य करायलाच पाहिजे असं अजिबात नाही. पर्किन्स ईस्टमन केसमध्ये 2019 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की निकालात ज्याचा स्वतःचा फायदा-तोटा आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमायचा नाही. तुम्ही नोटीस द्या, नावं सुचवा, 30 दिवसांत जमलं नाही तर कलम 11 खाली हायकोर्टात अर्ज, तिथनं त्रयस्थ माणूस मिळतो. त्याचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो.

उद्यमनगर_टर्निंग
मग ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात आलंय की, तिथं चालेल?

बावडा_वकील
नाही चालणार, जागा पुणे लिहिलीय आणि पुणे जिल्हा या बेंचकडं येत नाही, मुंबईलाच जावं लागेल. शिवाय खर्च बघा. लवादाच्या फीचा कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातला दर धरला तर 14 लाखांवर 76,500 आणि लवाद एकटाच असेल तर वर 25 टक्के, म्हणजे 95 हजारांच्या वर, साधारण दोघांत निम्मं निम्मं. वकिलाची फी वेगळी.

शिरोली_फाउंड्री
दादा, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का तुमचं? माल द्यायच्या आधीचं असेल तर ह्या सगळ्याच्या आधी फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जा, छोट्या उद्योगांची थकलेली बिलं सोडवायला सरकारनं नेमलेलं मंडळ असतं ते. 2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा आहे, पीओत पुणे लिहा नाहीतर दिल्ली, सप्लायर जिथला तिथल्या कौन्सिलला ऐकायचा अधिकार आहे, महाकाली फूड्सच्या निकालात 2022 ला सुप्रीम कोर्टानं हेच पक्कं केलंय. आधी समझोत्याचा प्रयत्न करतात, नाही जमलं तर कौन्सिल स्वतः लवाद म्हणून बसते किंवा एखाद्या संस्थेकडं देते. उशिराचं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, तेही महिन्याला चक्रवाढ. आणि कंपनीला निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरायला लागते, त्यामुळं उगाच लांबवायची खुमखुमी उतरते. निकालाला कायद्यात 90 दिवस लिहिलेत पण तेवढ्यात होईल असं धरून चालू नका.
रिजेक्शनचं म्हणाल तर माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार आली नसेल तर माल स्वीकारला असंच धरतात. तसं काही पत्र, मेल आलंय का?

उद्यमनगर_टर्निंग
एकही मेल नाही, उलट माल पोचवल्याच्या चलनांवर त्यांच्या स्टोअरचा शिक्का आहे. उद्यम रजिस्ट्रेशन 2021 चं आहे. लई उपकार झाले, उद्याच चलनं काढून लावतो.

बावडा_वकील
मग कौन्सिलच बरं. फक्त बिलांच्या तारखा बघा, 3 वर्षं उलटायच्या आत अर्ज गेला पाहिजे. आणि पुढच्या पीओत जागा कोल्हापूर करून घ्या, सही करायच्या आधी बोललात तर पुष्कळ कंपन्या ऐकतात.